स्वप्नातला घोडा, रुळावरची सायकल

आमच्या घरी बाबांचा चहा वेगळा होतो. बिनदुधाचा, काळा, साखर एक चमचा. मी आठवीत असल्यापासून हे असंच आहे. पाहुणे विचारायचे तेव्हा आई सांगायची, "त्यांना दूध सोसत नाही." आम्हीही तेच धरून चाललो होतो. या काळ्या चहामागे एक कारण आहे, हे कळायला मला वीस वर्षं लागली. ते कळलं तेव्हा मी डॉक्टर नसताना डॉक्टर होण्याची चूक करून बसलो होतो. त्या चुकीतून जे शिकलो, ते या लेखात मांडतो आहे. बाबांनी लेख वाचला आहे. दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या आणि म्हणाले, "छाप. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल."

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. पुढे त्या हुद्द्याला लोको पायलट हे नाव आलं, पण आमच्या गल्लीत ते शेवटपर्यंत "ड्रायव्हर साहेब"च राहिले. २०१८ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणूस निवांत होईल अशी आमची कल्पना होती. झालं उलटंच. रात्री दोन-अडीचला दचकून उठायचे. झोपेत उजवा हात पुढे करून काहीतरी ओढल्यासारखं करायचे. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की ओरडायचे, मग स्वतःच ओशाळून बाहेर निघून जायचे. मी पुण्यात नोकरीला. "या की इकडे," म्हटलं की दर वेळी नवं कारण असायचं. ज्या माणसाचं आयुष्य गाडीत गेलं, तो गाडीत बसायला तयार नव्हता.

आम्ही याला "स्वभाव" म्हणत होतो. वय झालं, काम सुटलं, चिडचिड वाढली. एवढ्यावर आमचा विचार थांबत होता.

माझी चूक

आमच्या ऑफिसात "पीटीएसडी" हा शब्द रोज चेष्टेत वापरला जातो. रात्री तीनला सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "त्या रिलीजचा मला अजून पीटीएसडी आहे." मीही म्हटलं आहे. एकदा सुट्टीत ग्वाल्हेरला आलो असताना बाबांचं रात्रीचं उठणं प्रत्यक्ष पाहिलं आणि तो शब्द पहिल्यांदा गंभीरपणे डोक्यात आला. त्याच रात्री मोबाईलवर एक प्रश्नावली सापडली. पीसीएल-५ तिचं नाव. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. बाबांच्या वतीने मीच ती भरली. बेरीज छत्तीस आली. साधारण एकतीस ते तेहेतीसच्या पुढे गुण गेले तर पीटीएसडीची शक्यता धरतात, असं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी जेवताना जाहीर करून टाकलं, "बाबा, तुम्हाला पीटीएसडी आहे."

बाबांनी पानावरून हात काढला. म्हणाले, "मी वेडा नाही." पुढे दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यात माझ्या तीन चुका होत्या. एक, ती प्रश्नावली ज्याची त्यानेच भरायची असते. मनात रात्री काय चालतं हे मुलगा अंदाजाने सांगू शकत नाही. दोन, प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ती चाळणी आहे. कुणाची नीट तपासणी करायला हवी एवढंच ती सांगते. तीन, आणि ही सगळ्यात मोठी, मी गुणांची बेरीज केली, पण घडलं काय होतं हे एकदाही विचारलं नाही. पीटीएसडीची व्याख्या तर तिथूनच सुरू होते.

नाव मिळायला लागलेली शंभर वर्षं

त्या दोन आठवड्यांत मी वाचत बसलो. सुरुवातीलाच रेल्वे निघाली, याचं मला नवल वाटलं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे नवी होती आणि अपघातही नवे होते. अपघातातून धडधाकट सुटलेली माणसं पुढे महिनोन्महिने झोप उडणं, थरथर, भीती अशा तक्रारी घेऊन येत. १८६६ मध्ये जॉन एरिक एरिकसेन या शल्यचिकित्सकाने त्यावर पुस्तक लिहिलं. धक्क्याने पाठीच्या कण्याला न दिसणारी इजा होत असावी, असं त्याचं मत. या दुखण्याला "रेल्वे स्पाइन" म्हणत. आधीच्याच वर्षी, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्ट इथे गाडी घसरली. त्या गाडीत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होता. तो स्वतः वाचला, जखमींना पाणी पाजत फिरला. पण नंतर आयुष्यभर गाडीत बसला की त्याला मधेच घाबरं व्हायचं.

अमेरिकेत यादवी युद्धानंतर १८७१ मध्ये जेकब डा कोस्टा या डॉक्टरने सैनिकांच्या धडधडणाऱ्या छातीबद्दल लिहिलं. त्याला ते हृदयाचं दुखणं वाटलं. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये चार्ल्स मायर्सने "शेल शॉक" हा शब्द "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात वापरला. आधी कणा, मग हृदय, मग तोफगोळ्याचा हादरा. दुखणं साधारण तेच. प्रत्येक पिढी त्याची जागा शरीरात शोधत होती.

व्याख्या नसली की काय होतं, हेही याच युद्धात दिसतं. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने आपल्याच बाजूच्या सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही मनाने मोडून पडलेले होते, हे नंतर मान्य झालं. २००६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा ३०६ जणांना मरणोत्तर माफी दिली. ज्याला आज डॉक्टरकडे नेलं असतं, त्याला तेव्हा भिंतीपाशी उभं केलं गेलं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं एक निदानपुस्तक आहे, डीएसएम. १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत "ग्रॉस स्ट्रेस रिअॅक्शन" अशी नोंद होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती गेली, आणि नेमकी व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना गेली. परतलेले सैनिक, त्यांच्यासोबत काम करणारे डॉक्टर आणि बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांच्या मनावरच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक यांच्या रेट्यानंतर १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत "पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर" हे नाव आलं. मराठीत आघातोत्तर तणाव विकार. म्हणजे बाबा रेल्वेत लागले तेव्हा या आजाराला नाव मिळून फार वर्षं झालेली नव्हती.

अट कशी लिहिली आहे

मी बी. ई. झालेला माणूस. व्याख्या समोर आली की तिच्यात "आणि" कुठे आहे, "किंवा" कुठे आहे, हे आधी पाहतो. सध्या वापरात असलेल्या डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीतली (२०१३) अट मोठ्या माणसांसाठी अशी आहे.

पहिली अट घटनेची. मृत्यू, गंभीर दुखापत किंवा लैंगिक अत्याचार यांना, किंवा त्यांच्या प्रत्यक्ष धोक्याला, माणूस सामोरा गेलेला असला पाहिजे. स्वतःवर बेतलेलं असेल, डोळ्यांसमोर दुसऱ्यावर बेतलेलं पाहिलं असेल, जवळच्या माणसाच्या बाबतीत असं हिंसक किंवा अपघाती काही घडल्याचं कळलं असेल, किंवा कामाचा भाग म्हणून अशा गोष्टींचे भयंकर तपशील पुन्हा पुन्हा हाताळावे लागले असतील. टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहिलेलं यात धरत नाहीत, ते कामाचा भाग असेल तरच. नोकरी गेली, लग्न मोडलं, परीक्षेत नापास झालो, ही दुःखं खोटी नाहीत. त्यांनी माणूस आजारी पडू शकतो. पण त्या आजाराचं नाव वेगळं असतं. सर्व्हर पडणं तर यात कुठेच बसत नाही.

त्यानंतर लक्षणांचे चार गट. पहिला, घटना पुन्हा अंगावर येणं: नको असताना आठवणी येणं, स्वप्नं, आत्ताच घडतंय असं वाटणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टीने मन कासावीस होणं किंवा शरीर धडधडणं. या पाचांपैकी किमान एक. दुसरा, टाळणं: आठवणी आणि भावना टाळणं किंवा त्या जागा, माणसं, वस्तू टाळणं. दोनांपैकी किमान एक. तिसरा, विचार आणि भावनांमधला बदल: घटनेचा महत्त्वाचा भाग न आठवणं, जगावरचा विश्वास उडणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला अवाजवी दोष देणं, सतत भीती किंवा अपराधीपणा, आवडीच्या गोष्टी सुटणं, माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, आनंदच न वाटणं. सातांपैकी किमान दोन. चौथा, सतत सावध राहणं: भडकणं, जिवावर उदार होऊन वागणं, सतत पहारा दिल्यासारखं वागणं, दचकणं, लक्ष न लागणं, झोप नसणं. सहांपैकी किमान दोन.

शिवाय, हे सगळं एक महिन्याहून जास्त टिकलेलं असलं पाहिजे. त्यामुळे माणसाला मोठा त्रास होत असला पाहिजे, किंवा त्याचं काम नाहीतर नाती बिघडत असली पाहिजेत. आणि दारू, औषध किंवा दुसरा शारीरिक आजार हे त्याचं कारण नसलं पाहिजे.

या सगळ्या अटींमध्ये "आणि" आहे. एक जरी सुटली तरी हे निदान होत नाही.

महिन्याची अट मला आधी विचित्र वाटली. मग पटली. भयंकर काही घडल्यावर पहिले काही दिवस झोप उडणं, तेच तेच दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवतं. तीन दिवसांपासून एका महिन्यापर्यंत त्रास तीव्र असेल तर त्याला वेगळं नाव आहे, तीव्र तणाव विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या साधारण ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी असा आघात येऊ शकतो. पीटीएसडी होतो तो त्यांतल्या थोड्यांना, सुमारे ५.६ टक्क्यांना. आघात झाला म्हणजे आजार झालाच, असं नाही. आणि आजार झाला म्हणजे माणूस कच्चा होता, असंही नाही.

सहा लाख छत्तीस हजार

एका रात्री मी गणित मांडलं. पहिल्या गटात पाच लक्षणं, किमान एक हवं, म्हणजे निवडीचे ३१ प्रकार. दुसऱ्यात ३. तिसऱ्यात सातांपैकी किमान दोन, १२० प्रकार. चौथ्यात सहांपैकी किमान दोन, ५७ प्रकार. गुणाकार केला: ६,३६,१२०. एकाच नावाखाली लक्षणांच्या सहा लाखांवर जोड्या बसतात. नंतर कळलं की हीच मोजणी गॅलात्झर-लेव्ही आणि ब्रायंट या संशोधकांनी २०१३ मध्ये छापली आहे. आधीच्या आवृत्तीच्या अटींनी हा आकडा ७९,७९४ येत होता.

याचा अर्थ एवढाच की दोन माणसांचा पीटीएसडी एकमेकांसारखा दिसेलच असं नाही. एक जण रडेल, दुसरा गप्प बसेल, तिसरा ताट आपटेल. सिनेमातला ओरडत उठणारा सैनिक डोक्यात ठेवून घरातलं माणूस ओळखता येत नाही.

उलट बाजूने जाणारी व्याख्याही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने गाभ्याची तीनच लक्षणं ठेवली: घटना आठवण म्हणून नव्हे तर आत्ता घडत असल्यासारखी पुन्हा अनुभवणं, तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, आणि धोका अजून टळलेला नाही अशी सततची भावना. तेही काही आठवडे टिकलेलं आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारं. दीर्घकाळ चाललेल्या अत्याचारातून, लहानपणीच्या छळातून आलेल्या त्रासासाठी "कॉम्प्लेक्स पीटीएसडी" हे वेगळं निदान दिलं. त्यात भावना आवरता न येणं, स्वतःला कवडीमोल समजणं आणि नाती टिकवता न येणं या गोष्टी जास्तीच्या असतात. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा निदानासाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय निकष वापरायला सांगतो आणि त्यात आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचं नाव घेतो.

डीएसएमने जाळं मोठं टाकलं, आयसीडीने गाभा पकडला. एकाच माणसाला एका पुस्तकाने पीटीएसडी असू शकतो आणि दुसऱ्याने नसू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज याच पेचात असतो. अट सैल ठेवली तर भलतंच आत येतं, घट्ट केली तर खरं बाहेर राहतं. फरक एवढाच की इथे बाहेर राहणारी गोष्ट माणूस असते.

महादजींचं स्वप्न

ग्वाल्हेरचा माणूस पीटीएसडीबद्दल वाचत असेल तर त्याला एक गोष्ट आठवणारच. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत संपलं. रणातून निघालेल्या महादजी शिंद्यांच्या मागे एक अफगाण स्वार लागला. महादजींची दक्षिणी घोडी चपळ, त्याचा घोडा अवजड, पण त्याने पिच्छा सोडला नाही. शेवटी गाठून पायावर वार केला. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचवलं. पाय मात्र कायमचा अधू झाला. जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या मध्य हिंदुस्थानवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की महादजी जनरल पामरला सांगत, तो पठाण आणि त्याचा तो अवजड घोडा आपल्या घोडीमागे धावताना आपल्याला झोपेत दिसतो. लढाईनंतर कित्येक वर्षांनीसुद्धा.

मग महादजींना पीटीएसडी होता का? आता मी एकदम "हो" म्हणत नाही. आपल्या हाती एक लक्षण आहे, स्वप्न. डीएसएमला किमान सहा लागतात. टाळणं? दहा वर्षांनी हाच माणूस मराठी फौजा घेऊन दिल्लीत शिरला आणि बादशहा शाह आलमला तख्तावर परत बसवण्यात पुढे होता. काम बिघडलं होतं, असंही दिसत नाही. पुस्तकात सापडलेल्या माणसाचं निदान करता येत नाही. कारण निदानाला त्या माणसाला प्रश्न विचारावे लागतात.

पण मला या गोष्टीतलं दुसरंच मोलाचं वाटतं. पाटीलबाबांसारखा माणूस आपलं भीतीचं स्वप्न दुसऱ्याला सांगत होता. लाजत नव्हता. आमच्या घरात ते वीस वर्षं कुणी केलं नव्हतं.

तपासणी

बाबा शेवटी तयार झाले ते झोपेसाठी. आईने पीटीएसडीचं नावही काढलं नाही. "रात्री झोप लागत नाही ना, तेवढं विचारून येऊ," म्हणाली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी शहरातल्याच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. मी सोबत होतो. बराच वेळ मला बाहेरच बसवलं होतं.

निदान कसं होतं हे मी तिथे पाहिलं. रक्ताची एखादी तपासणी करून, मेंदूचा फोटो काढून पीटीएसडी कळत नाही. पद्धतशीर मुलाखत हेच त्याचं साधन. संशोधनात सगळ्यात विश्वासाची मानतात ती कॅप्स-५ नावाची तीस प्रश्नांची मुलाखत. तिला पाऊण तास ते तास लागतो. प्रत्येक लक्षणाबद्दल ते किती वेळा होतं, किती जोराचं असतं, कधीपासून आहे आणि त्या घटनेशी त्याचा संबंध काय, हे विचारतात. डॉक्टर बाईंनी बाबांचं थायरॉईड, रक्तदाब, साखर पाहिली. दारूबद्दल विचारलं. डोक्याला कधी मार लागला होता का, हेही विचारलं. उदासीनता आहे का ते वेगळं तपासलं, कारण ती पुष्कळदा सोबत असते आणि कधी कधी खरा आजार तीच असते. बाबा बरीच वर्षं अधूनमधून झोपेच्या गोळ्या घेत होते. त्या प्रकारच्या गोळ्या पीटीएसडीवरचा उपाय म्हणून सुचवल्या जात नाहीत, हे तेव्हा कळलं.

मग त्यांनी आईला आत बोलावलं आणि विचारलं, "हे आधीपासून असे होते का?"

आई म्हणाली, "नाही. २००३ च्या थंडीपासून."

बाबांनी ते त्या दिवशी सांगितलं. जानेवारीतली पहाट, आपल्याकडचं ते दाट धुकं. रुळ ओलांडणारा एक सायकलवाला, सायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. दिसला तेव्हा अंतर फारच थोडं होतं. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. धावती गाडी जागच्या जागी थांबत नाही, शेकडो मीटर पुढे जाऊनच थांबते. तेवढा वेळ ड्रायव्हरला समोर बघत बसण्यापलीकडे काही करता येत नाही. गाडी थांबल्यावर बाबा टॉर्च घेऊन मागे चालत गेले. खडीवर दूध सांडलेलं होतं. पुढच्या स्टेशनला मेमो दिला आणि गाडी पुढे नेली. चूक त्यांची नव्हती, चौकशीतही तसंच ठरलं. रनओव्हर त्याआधीही झाले होते, त्यानंतरही झाले. त्यांना दिसत राहिला तो हा एक.

त्या घरी आलेल्या सकाळी आईने नेहमीसारखा चहा पुढे केला. त्यांनी कप बाजूला सरकवला. तेव्हापासून काळा चहा.

आणखीही होतं, आमच्या डोळ्यांसमोर असून न दिसलेलं. बाबा आपल्या मंडळाच्या गणपतीत भजनाला पेटी वाजवायचे. त्या वर्षापासून वाजवली नाही. आम्ही म्हटलं, ड्यूटीमुळे वेळ नाही. "हॉर्न दोन सेकंद आधी दिला असता तर" हे वाक्य ते मधूनमधून पुटपुटायचे. आम्हाला ते कुठल्या तरी जुन्या ड्यूटीबद्दल वाटायचं, आणि ते तसंच होतं. स्वप्नं, टाळणं, स्वतःला दोष, आवड सुटणं, दचकणं, झोप नसणं. मोजून बघा, चारही गट पूर्ण होतात. नोकरीत असताना कामाच्या शिस्तीने ते झाकलं गेलं. निवृत्तीनंतर झाकणारं काही उरलं नाही.

डॉक्टर बाईंनी निदान सांगितलं ते असं: "तुम्ही पाहिलं ते कुणीही पाहायला नको असं होतं. त्यानंतर तुमचं शरीर अजून ब्रेक धरून बसलंय. याला नाव आहे आणि उपचार आहे." बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी वेडा नाही?" तोच शब्द, जो मी त्यांच्या तोंडी आणला होता.

छत्तीस गुणांचा माझा अंदाज योगायोगाने बरोबर निघाला. पण बरोबर उत्तर चुकीच्या रीतीने काढलं की काय होतं, ते मी दोन आठवडे भोगलं होतं.

आता

पीटीएसडीवर मुख्य उपचार आहे तो बोलण्याचा. त्या आघातावरच लक्ष ठेवून, सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसासमोर, टप्प्याटप्प्याने त्या आठवणीकडे पुन्हा जायचं आणि टाळलेल्या गोष्टी हळूहळू परत जवळ आणायच्या. गरजेप्रमाणे सर्ट्रालीनसारखी औषधं देतात. बाबांचं दोन्ही चालू आहे. पहिले काही आठवडे त्रास वाढला. ते सोडून द्यायला निघाले होते, आईने सोडू दिलं नाही. आता रात्रीचं उठणं कमी झालंय, संपलेलं नाही. मला सोडायला ते प्लॅटफॉर्मपर्यंत येतात. पेटी अजून कपाटावरच आहे.

आपल्या वाचकांत पोलिसांची, डॉक्टर-नर्सची, फौजेतल्या, रेल्वेतल्या माणसांची घरं पुष्कळ आहेत. एकदम "स्वभाव" बदललेलं माणूस घरात असेल तर तारीख शोधा. कधीपासून? त्याआधी काय झालं होतं? निदान करू नका, ते आपलं काम नाही. माझ्यासारखं जेवणाच्या पानावर तर मुळीच नको. खोदून खोदून तपशीलही विचारू नका. "झोप लागते का?" एवढं विचारलं तरी पुष्कळदा दार उघडतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी निकष वेगळे आहेत. ती बोलून नव्हे, खेळातून तेच तेच दाखवतात, म्हणून त्यांना मुलांच्या तज्ज्ञाकडेच न्या. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलीमानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. ती मराठी-हिंदीसह अनेक भाषांतून बोलते.

गेल्या दिवाळीला घरी होतो. पाडव्याच्या सकाळी आई चहा टाकत असताना बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज तुमच्यातलाच दे." आईने माझ्याकडे पाहिलं, मी काही बोललो नाही. त्यांनी अर्धा कप घेतला, अर्धा तसाच ठेवला. मग नेहमीसारखा पेपर उघडला.